आत्याची कृती, माझी छपाई

स्वस्तातला रंगीत प्रिंटर घरी असला की आयुष्य सोपं होतं, असं मला बाजारातल्या दुकानदाराने सांगितलं होतं. त्या दिवशी दुकानदाराचं आयुष्य थोडं सोपं झालं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी शाळेत भूगोल शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवण्यापुरता. तो अडकला तर शिपायाला हाक मारायची. तरीही मी ते खोकं छातीशी धरून घरी आलो, तेव्हा माझी बायको मेधा दारातच उभी होती.

"आपल्याला छापायचंय काय?" तिने विचारलं.

"नकाशे! मुलांना रंगीत नकाशे द्यायचे. समुद्र निळा दिसायला हवा, मेधा."

"समुद्र खिडकीतून दिसतो," ती म्हणाली आणि आत गेली.

(आमच्या खिडकीतून खरंच दिसतो. पण मुद्दा तो नव्हता.)

त्यानंतर त्या प्रिंटरवर मी एकच नकाशा छापला. त्यात समुद्र तपकिरी आला आणि सह्याद्री गुलाबी. मग मेधाने जुन्या उशीच्या अभ्र्याचं एक आवरण शिवून त्याच्यावर घातलं, आणि पाहुणे त्याला शिलाई मशीन समजू लागले. असं सगळं शांततेत चाललं होतं. तेवढ्यात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आलं.

कुसुमआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. छत्तीस वर्षं गुहागरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आली ती एक ट्रंक, एक छत्री आणि एक वही घेऊन. त्या वहीत तिने आयुष्यभरात जमवलेल्या वीस गोष्टी होत्या. काही खायच्या, काही लावायच्या, काही घासायच्या. म्हणजे कुळथाचं पिठलं, केसांचं तेल, पातोळे, पितळेची भांडी लख्ख करायची युक्ती, असं सगळं. आणि शिक्षिकाच ती, त्यामुळे हे सगळं वर्णानुक्रमे! पदार्थ वेगळे, औषधं वेगळी असला भेदभाव नाही. प्रत्येक गोष्टीला एक कागद. पुढच्या बाजूला नाव आणि साहित्य, मागच्या बाजूला कृती. अक्षर असं, की फळ्यावरून उचलून कागदावर ठेवलंय.

घराण्यात त्या वहीला फार मान होता. कुणाच्या घरी वाद झाला की "आत्याच्या वहीत काय आहे ते विचारा" म्हणायचे, आणि वाद मिटायचा.

श्रावणात कार्यक्रम ठरला. आमच्यासकट चाळीस घरं जमणार होती. आत्याला विचारलं, तुला काय हवं?

"साडी नको, शाल नको," ती म्हणाली. "देणारच असाल तर माझ्या वहीच्या प्रती काढा आणि प्रत्येक घरात एकेक द्या. मी गेल्यावर कुणी म्हणायला नको, पिठल्यात आत्या हिंग घालायची की नाही."

मेधा लगेच म्हणाली, "छापखान्यात देऊन टाकू. आठ दिवसांत करून देतील."

आणि मी म्हणालो, "घरात प्रिंटर असताना?"

काही वाक्यं माणसाच्या तोंडून निघतात ती त्याचे ग्रह बोलत असतात.

सुरुवात मुखपृष्ठापासून केली. आत्याचा हसरा फोटो, खाली वहीचं नाव. प्रिंटरने घरघर केली, खोकला काढला आणि कागद बाहेर ठेवला. आत्या निळी! चेहरा निळा, केस निळे, मानेपाशी तर जरा जास्तच निळी.

आत्याने कागद हातात घेतला. चष्मा लावला. "का रे श्रीकांत," ती म्हणाली, "मी हलाहल कधी प्यायले?"

लाल शाई अडकली होती. बरेच दिवस वापर नसला की ती वाळते म्हणे. मग प्रिंटरला त्याचं डोकं स्वच्छ करायला सांगावं लागतं. हा स्वतःचं डोकं स्वतः धुतो, आणि ते शाईने धुतो! सहा वेळा धुतलं. पहिल्या धुण्यात आत्या जांभळी झाली, तिसऱ्यात हिरवी, पाचव्यात काविळीची शंका यावी अशी पिवळी. सहाव्यांदा ती आत्यासारखी दिसली. तोवर अर्धी शाई संपली होती आणि आत्या स्वतःच्या चाळीस वर्षांच्या आजारपणाचा अल्बम पाहिल्यासारखी दमली होती.

मग वहीची पानं स्कॅन केली. इथे मी एक सुधारणा केली. आत्याने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा घातला होता. तो समासाच्या फार कडेला होता आणि छापताना अर्धवट कापला जाई. ते दिसायला बरं दिसेना. म्हणून मी सगळे आकडे कापूनच टाकले. पानं कशी स्वच्छ, मोकळी दिसायला लागली! मेधाला दाखवली. ती म्हणाली, "आकडे कशाला काढलेस?" मी म्हटलं, "सौंदर्यदृष्टी."

आता दोन्ही बाजूंना छापायचं म्हणजे या स्वस्तातल्या प्रिंटरची पद्धत अशी: आधी वीस कागदांच्या पुढच्या बाजू छापायच्या, मग तो गठ्ठा उलटा करून परत ठेवायचा आणि मागच्या बाजू छापायच्या. सोपं आहे. पहिली प्रत मी अशी छापली आणि शब्दन् शब्द वाचली. अगदी बरोबर! (पहिली प्रत सगळ्यांचीच बरोबर येते. देव पहिल्या प्रतीत हस्तक्षेप करत नाही.)

उरलेल्या एकोणचाळीस मी तीन दिवस छापत होतो. एकदा लाइट गेली, एकदा कागद आत अडकला. मी ओरडलो, "जॅम झालाय!" तर आत्या आतून म्हणाली, "श्रावणात कसला जॅम? आंबे कधीच संपले." पण माणूस एकदा कामाला लागला की त्याला लय सापडते. गठ्ठा ठेव, बटण दाब, गठ्ठा उलटा कर, बटण दाब. पण दर वेळी काय व्हायचं, वीस कागद ठेवलेले असायचे आणि शेवटी प्रिंटर आणखी एक कागद मागायचा. मी द्यायचो. मागणाऱ्याला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही!

"वाचून बघतोयस ना रे एकेक?" मेधाने विचारलं.

"पहिली वाचली की."

कार्यक्रम फार सुरेख झाला. चाळीस घरांतली माणसं आली, आत्याला दिव्यांनी ओवाळलं, आणि आत्याने प्रत्येकाच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने 'सप्रेम आशीर्वाद' लिहून सही केली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर सह्या केल्या, आज स्वतःच्या वहीवर करतेय, असं म्हणून तिने डोळे पुसले. मीही पुसले. छपाईबद्दल माझं फार कौतुक झालं. ते मी नम्रपणे आणि बराच वेळ ऐकून घेतलं.

चार दिवसांनी डोंबिवलीहून शुभावहिनीचा फोन आला. ही माझ्या चुलतभावाची बायको. आवाज एकदम खाली.

"भाऊजी, आत्या जवळपास नाहीत ना?"

"देवळात गेली आहे. का हो?"

"नाही, म्हणजे… आत्यांची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत!"

"मी वही वाचत होते. फणसाच्या भाजीचं पान. साहित्य अगदी व्यवस्थित लिहिलंय. आणि मागे कृतीत लिहिलंय, 'चिंच लावून काथ्याने खसाखसा घासा. स्वच्छ धुवा. उन्हात पालथं घालून ठेवा.'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं झालं, फणसाचा मोसम नाहीये. आमची सून लगेच करायला घेणार होती. हे म्हणाले, वयच आहे, व्हायचंच. पण डॉक्टरांना दाखवून घ्या हो. लवकर कळलं तर बरं असतं म्हणतात."

फोन ठेवला आणि धावत जाऊन आमच्या घरासाठी ठेवलेली प्रत उघडली. सातव्या कागदाची मागची बाजू कोरी! आणि आठव्याच्या मागे सातव्याची कृती, नवव्याच्या मागे आठव्याची… तसंच शेवटपर्यंत. शेवटी एक सुटा कागद, पुढून कोरा, मागे एकटीच बिचारी कृती.

मग डोक्यात प्रकाश पडला. श्रावणातली रत्नागिरी! डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, पापड रुमालासारखा घडी होतो, तिथे कागद काय सुटे राहणार? मागची बाजू छापताना प्रिंटरने कुठेतरी दोन चिकटलेले कागद एकदम ओढले. एकावर छापलं, दुसरा कोरा गेला, आणि तिथून पुढे प्रत्येक पदार्थाच्या पाठीवर आधीच्या पदार्थाची कृती बसली. म्हणूनच शेवटी त्याला एक कागद कमी पडत होता. तो बिचारा दर वेळी मला सांगत होता, आणि मी दर वेळी त्याला आणखी एक कागद देऊन गप्प करत होतो.

बरं, कागद प्रत्येक प्रतीत वेगळ्या ठिकाणी चिकटलेले. त्यामुळे प्रत्येक घरात वेगळा गोंधळ! एकच दुरुस्तीचं पत्रक काढावं तर तीही सोय नाही. आणि अक्षर? अक्षर आत्याचं. सही आत्याची. आकडे असते तर पान चुकलंय हे लहान पोरालाही कळलं असतं. ते मी सौंदर्यदृष्टीने कापले होते.

आता मी लगेच शुभावहिनीला फोन करून खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं? मी कपाळाला अमृतांजन लावून पडून राहिलो. मला वाटलं, फार कोणी वाचणार नाहीत. घराण्यातली पुस्तकं घराण्यातले लोक वाचतात थोडीच!

सगळ्यांनी वाचली होती. दोन दिवसांत माझ्या मोबाइलवर सात फोन. सगळ्यांचे आवाज खाली, सगळ्यांना काळजी. कुणी ब्राह्मीचं तेल सुचवलं, कुणी रोज शब्दकोडं सोडवायला द्या म्हणाले. पनवेलच्या विनायकने, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, थेट आत्यालाच फोन केला.

फोन ठेवून आत्या बाहेर आली. "तुझा मेव्हणा बरा आहे ना रे? मला विचारतोय, आज वार कोणता. मग म्हणाला, शंभरातून सात गेले किती. त्याच्या घरी कॅलेंडर नाही, ते ठीक. बोटंही नाहीत?"

मी हसलो. ते हसणं माझं मलाच आवडलं नाही. मेधाने माझ्याकडे पाहिलं. तिला एव्हाना सगळं ठाऊक होतं. "तू सांगतोस की मी सांगू?" ती हळूच म्हणाली. मी म्हणालो, "उद्या."

त्या 'उद्या'च्या सकाळी नानाभाऊ आले.

नानाभाऊ आमच्याच कुळातले, गुहागरला सुपारीची बाग, वय सदुसष्ट. चौथीत आत्याच्या वर्गात होते. नात्याने आत्या असली तरी त्यांनी तिला एकदा 'बाई' म्हणायला सुरुवात केली ती कायमची. तवसाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून, वही पिशवीत घालून आले होते. डोक्याला कानटोपी. श्रावणात कानटोपी!

"बाई," ते आत्यासमोर उभे राहून म्हणाले, "उपाय सहा दिवस करतोय. पण गुण येत नाहीये. म्हटलं, आपलं काही चुकतंय का, विचारून यावं."

आणि त्यांनी टोपी काढली. टक्कल गुलाबी! साधंसुधं नाही, लग्नातल्या फेट्यासारखं.

"हे काय करून घेतलंस, नाना?" आत्या किंचाळलीच.

"कोकमाचं सार, बाई. तुम्ही लिहिलंयत ना? 'झोपण्यापूर्वी मुळांशी हलक्या हाताने चोळा. सकाळी शिकेकाईने धुवा.' आता मुळं काही उरलेली नाहीत. पण जिथे होती त्या जागी चोळतोय."

"सार? डोक्याला?"

"मंडळी हसली मला. मी म्हटलं, बाईंच्या वहीत चूक नसते."

आत्याने त्यांच्या हातातली वही घेतली. चष्मा लावला. कोकमाच्या साराचं साहित्य वाचलं. पान उलटलं. केसांच्या तेलाची कृती वाचली. परत पुढे पाहिलं. परत मागे. आणि मग माझ्या आत्याचा चेहरा असा झाला, की तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तिचा हात वहीवरच थांबला.

"हे अक्षर माझं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी असं लिहिलं, नाना? आणि विनायकने वार विचारला तो… श्रीकांत, मला काही होतंय का रे? मला खरं सांग."

तिने स्वतःवर शंका घेतली! जिने छत्तीस वर्षांत फळ्यावर एक वेलांटी चुकवली नाही, तिने.

"तुला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "मला झालंय. म्हणजे प्रिंटरला… म्हणजे मलाच." आणि मी सगळं सांगून टाकलं. दमट कागद, चिकटलेली पानं, प्रिंटरने मागितलेला कागद, दोन दिवसांचे फोन. काही म्हणजे काही लपवलं नाही. नानाभाऊ टोपी हातात धरून ऐकत होते.

आत्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "पानांवर आकडे होते. ते कुठे गेले?"

"मी कापले. समास बरा दिसावा म्हणून."

आत्याने चष्मा काढून वहीवर ठेवला.

"भूगोल शिकवतोस ना तू?" आत्या म्हणाली. "अक्षांश-रेखांश पुसून नकाशा देतोस का मुलांना? दिसायला बरा दिसेल."

नानाभाऊ खुदकन हसले. माझ्या नशिबी त्या दिवशी गुलाबी टकलाच्या माणसाकडूनही हसून घेणं होतं.

पण आत्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. (या वेळी एकाच झटक्यात, डोकं न धुता!) ती ताठ बसली. "घराण्याचा तो व्हॉट्सॲपचा गट आहे ना? त्याच्यावर बोल. लिहू नकोस, बोल. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. खणखणीत आवाजात."

मी उभा राहून बोललो. का उभा राहिलो कोण जाणे, पण त्या आवाजापुढे बसवेना. "मंडळी, नमस्कार. आत्याचं डोकं ठिकाणावर आहे. माझं नव्हतं. वहीतल्या सगळ्या चुका माझ्या छपाईच्या आहेत. कृपया कोणीही काहीही घासू, चोळू किंवा शिजवू नये."

"आणि पुढे सांग," आत्या म्हणाली, "ज्याने त्याने आपली प्रत आणि पेन घेऊन मला फोन करावा. मी पान पान दुरुस्त करून देईन."

"तोंडी?" मेधा म्हणाली. "आत्या, चाळीस प्रती, प्रत्येकीत वेगळा घोळ…"

"वर्गात चाळीसच असायचे."

दुपारपासून फोन सुरू झाले. आत्या आरामखुर्चीत बसायची, डोळे मिटून. "शुभा, फणस काढलास? मागचं खोड. काट मारलीस? आता लिही. हाताला तेल लावून…" आणि कृती अथपासून इतिपर्यंत, मोजमापासकट! समोर वही नाही, चिठ्ठी नाही. मेधा शेजारच्या खोलीत मूळ वही उघडून ताडून पाहत बसली होती. पहिल्या पाच फोनांनंतर तिने वही मिटली. "एक शब्द इकडचा तिकडे नाही," ती मला म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. (लगेच पुढे ती म्हणाली, "नाहीतर तू." पण तो वेगळा भाग.)

विनायकचा फोन आला तेव्हा आत्या म्हणाली, "आज गुरुवार. शंभरातून सात गेले त्र्याण्णव. आता पेन घे."

दोन आठवडे हे चाललं. आणि गंमत म्हणजे पानं दुरुस्त झाली तरी फोन थांबेनात. जी माणसं दिवाळीला एक हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळी व्हायची, ती तासतास बोलायला लागली. डोंबिवलीची सून तर रोज संध्याकाळी विचारायची, आज काय करू? कुणी आपली आजी लाडूत काय घालायची ते आत्याला विचारी, आणि आत्याला ते आठवत असे! मधूनच ती मोठ्याने हसायची, ते अंगणापर्यंत ऐकू यायचं. आमच्या घरात बावीस वर्षांत तिचा आवाज एवढा कधी घुमला नव्हता. नानाभाऊंचं डोकं तोवर मूळ रंगावर आलं होतं. त्यांनी फोन करून आवर्जून सांगितलं, की केस आले नाहीत, पण सार प्यायला फार छान झालं होतं.

या बोलण्यातून आत्याला आणखी अकरा गोष्टी आठवल्या. त्या तिने वहीत लिहून काढल्या आणि जाहीर केलं, की दुसरी आवृत्ती निघणार. मी घसा साफ केला. मी काही बोलायच्या आत मेधाने वही पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली आणि स्कूटर काढली. छापखान्याने आठ दिवसांत काम करून दिलं. पुस्तक देखणं झालं होतं. प्रत्येक पानावर आकडा, तोही ठसठशीत.

पहिली प्रत आत्याने माझ्या हातात ठेवली. मी पानं चाळत शेवटापर्यंत गेलो. शेवटच्या पानावर ऋणनिर्देश होता. नानाभाऊंचे आभार, शुभावहिनीचे आभार, मेधाचे विशेष आभार. आणि सगळ्यात खाली, स्वतंत्र परिच्छेदात:

'माझा भाचा चि. श्रीकांत याने या आवृत्तीच्या छपाईत कोणत्याही प्रकारची मदत केली नाही. त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी राहीन.'

मी ते वाक्य तीनदा तपासलं. एकही चूक नव्हती.